विश्लेषण : ऑनलाइन कौलांत वाघ-सिंहांवर गोंडस प्राण्यांची सरशी का होते?

न्यूझीलंडमध्ये दरवर्षी एक निवडणूक होते. तिच्यात प्रचारप्रमुख असतात, भित्तिपत्रके असतात, समाजमाध्यमांवर एकमेकांची यथेच्छ खिल्ली उडवली जाते आणि अधूनमधून बोगस मतदानही पकडले जाते. फक्त उमेदवार पक्षी असतात. ‘फॉरेस्ट अँड बर्ड’ ही निसर्गसंस्था २००५ पासून ‘बर्ड ऑफ द इयर’ हा कौल घेते. २०२५ मध्ये त्यात कारेआरेआ हा तिथला ससाणा जिंकला आणि त्याची विशेष चर्चा झाली. कारण शिकारी पक्ष्याने बाजी मारणे ही तिथे नित्याची गोष्ट नाही. याआधी हाच ससाणा २०१२ मध्ये निवडून आला होता. बाकीच्या वर्षांत मतदारांनी कोणाला कौल दिला, हे पाहिले तर माणसाला कोणता प्राणी ‘आपला’ वाटतो आणि का, याचा बराचसा उलगडा होतो. त्या आवडीनिवडीवर पैसा, कायदे आणि कधी कधी त्या प्राण्याचा जीवही अवलंबून असतो.

कौल काय सांगतात?

न्यूझीलंडच्या विजेत्यांच्या यादीत पंख्यासारखी शेपटी फुलवणारा पिवाकावाका आहे, चिमणीहून लहान रिरोरिरो आहे, गुबगुबीत कबूतर केरेरू आहे. पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन होईहो दोनदा, २०१९ आणि २०२४ मध्ये जिंकला. उडता न येणारा, घुबडासारख्या गोल चेहऱ्याचा जाडजूड पोपट काकापो हाही दोनदा जिंकला. त्याची लोकप्रियता एवढी, की २०२२ मध्ये इतरांना संधी मिळावी म्हणून त्याला उमेदवारीच दिली गेली नाही. त्या वर्षी जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा पिवाउवाउ हा डोंगरी पक्षी निवडून आला. २०२१ मध्ये तर अंगठ्याएवढ्या वटवाघळाने सगळ्या पक्ष्यांना हरवले. वटवाघूळ हा पक्षी नव्हे, यावरून तेव्हा बरीच करमणूक झाली. पण न्यूझीलंडच्या जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळे, त्यांच्याकडे लक्ष वेधावे म्हणून आयोजकांनीच त्याला रिंगणात उतरवले होते.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे नाही. २०१५ मध्ये ‘राष्ट्रीय पक्षी’ ठरवण्यासाठी तिथे झालेल्या कौलात दोन लाख २४ हजारांहून अधिक मते पडली. लाल छातीचा रॉबिन ३४ टक्के मते घेऊन पहिला आला. दुसरे आले गव्हाणी घुबड. तेही शिकारीच, पण त्याचा बदामी आकाराचा पांढरा चेहरा पाहिला की त्याच्या मतांचे आश्चर्य वाटत नाही. तांबडी घार आणि हेन हॅरियर हे शिकारी पक्षी पहिल्या दहांत आले, पण मागच्या रांगेत. सस्तन प्राण्यांच्या कौलातही तसेच झाले. ‘रॉयल सोसायटी ऑफ बायॉलॉजी’ने २०१६ मध्ये घेतलेल्या मतदानात काटेरी हेजहॉगने कोल्ह्याला दुपटीहून अधिक मतांनी मागे टाकले.

गंमत अशी, की रॉबिन हा स्वभावाने अजिबात गरीब नाही. स्वतःच्या हद्दीत दुसरा नर शिरला तर तो जिवावर उठतो. पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९३०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत पेंढा भरलेल्या रॉबिनवर, इतकेच काय नुसत्या लाल पिसांच्या झुबक्यावरही या पक्ष्याने हल्ला चढवला होता. मतदार त्याचा स्वभाव पाहून मत देत नाहीत. ते पाहतात गोल शरीर, बारीक चोच आणि टपोरे काळे डोळे.

‘गोंडस’ म्हणजे नेमके काय?

याचे पहिले पद्धतशीर उत्तर ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये दिले. शरीराच्या मानाने मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय, लुसलुशीत अंग आणि अडखळती चाल. ही लक्षणे मानवी बाळाची आहेत. ती दिसताच मोठ्या माणसात सांभाळण्याची, जवळ घेण्याची ऊर्मी जागी होते. माणसाचे मूल इतर प्राण्यांच्या तुलनेत फार काळ परावलंबी असते, त्यामुळे ही ऊर्मी नसती तर आपली जात टिकलीच नसती, असा हा तर्क. लॉरेन्झ यांचा पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा होता. ही ऊर्मी फक्त मानवी बाळापुरती मर्यादित राहत नाही. तीच लक्षणे ससा, खार, पिल्लू किंवा बाहुलीत दिसली तरी मेंदू तेवढ्याच तत्परतेने प्रतिसाद देतो.

पुढे याला प्रयोगांचा आधार मिळाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळांच्या छायाचित्रांत संगणकाने फेरफार करून काही चेहरे अधिक गोल आणि मोठ्या डोळ्यांचे, तर काही उलट लांबुळके केले गेले. स्वतःची मुले नसलेल्या स्त्रियांना ते दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. चेहरा जितका गोंडस, तितका मेंदूतील ‘बक्षीस’ मिळाल्याची भावना देणारा भाग अधिक सक्रिय झाल्याचे दिसले. आणखी एका अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांनाही कुत्र्या-मांजरांचे बाळसेदार चेहरे अधिक आवडल्याचे आढळले. म्हणजे ही आवड आई-बाप झाल्यावर येत नाही, ती खूप आधीपासून असते. २०१२ मध्ये हिरोशिमा विद्यापीठातील संशोधकांना तर असे दिसले, की पिल्लांची छायाचित्रे पाहिल्यानंतर चिमट्याने बारीक तुकडे उचलण्यासारखे नाजूक काम माणसे अधिक काळजीपूर्वक करतात. मोठ्या झालेल्या कुत्र्या-मांजरांची छायाचित्रे पाहून तेवढा फरक पडला नाही.

बाजाराला हे विज्ञानाच्या आधीपासून ठाऊक होते. टेडी बेअर जन्माला आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हाच्या टेडीचे तोंड खऱ्या अस्वलासारखे लांब आणि कपाळ चपटे होते. नंतरच्या दशकांत त्याचे नाक आत जात राहिले आणि कपाळ वाढत गेले. १९२८ मध्ये पडद्यावर आलेल्या मिकी माऊसचेही तसेच झाले. उपद्व्यापी, टोकदार उंदराचे डोके आणि डोळे वर्षांगणिक मोठे होत गेले. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी १९७९च्या एका निबंधात मोजपट्टी घेऊन हा बदल दाखवून दिला होता. मिकी वयाने वाढत होता, पण दिसायला लहान होत होता.

वाघाचा चेहरा या हिशेबात कुठे बसतो? त्याचे डोळे चेहऱ्याच्या मानाने लहान, जबडा रुंद आणि नाक लांब. शिवाय त्याची नजर समोर रोखलेली असते. अशी नजर पाहून सावध होणे हेही माणसाच्या अंगात मुरलेले आहे. छायाचित्र मोबाइलवर असले तरी मेंदू क्षणभर दचकतोच. बछड्याच्या बाबतीत हे गणित उलटते. त्याचे डोके मोठे, पंजे बोजड, चाल लडखडती. त्यामुळे वाघ हरतो तिथे बछडा जिंकतो.

मग वाघ लोकप्रिय नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. ‘गोंडस प्राणी शिकाऱ्यांना हरवतात’ हे विधान इथे अर्धवट ठरते. ‘ॲनिमल प्लॅनेट’ वाहिनीने २००४ मध्ये ७३ देशांतील ५० हजारांहून अधिक प्रेक्षकांना आवडता प्राणी विचारला तेव्हा वाघ २१ टक्के मतांनी पहिला आला. कुत्रा अवघ्या एका टक्क्याने मागे राहिला. फ्रेंच पर्यावरणशास्त्रज्ञ फ्रँक कूरशाँ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ऑनलाइन पाहणी, शाळकरी मुलांच्या प्रश्नावल्या, प्राणिसंग्रहालयांची संकेतस्थळे आणि चित्रपटांची भित्तिपत्रके तपासून जगातील सर्वाधिक मोहक दहा प्राण्यांची यादी काढली. वाघ पहिला, मग सिंह, हत्ती, जिराफ, बिबट्या, पांडा, चित्ता, ध्रुवीय अस्वल, लांडगा आणि गोरिला. दहापैकी सहा थेट शिकारी.

विरोधाभास वाटतो, पण फरक प्रश्नात आहे. ‘तुमचा आवडता प्राणी कोणता’ असे विचारले की माणूस प्रतीक निवडतो. सामर्थ्य, रुबाब, देशाचे बोधचिन्ह, लहानपणी पुस्तकात पाहिलेले चित्र. मराठीत एखाद्याला ‘वाघ आहे’ म्हटले की ती शाबासकी असते, ‘ससा आहे’ म्हटले की नसते. पण दोन छायाचित्रे समोर ठेवून ‘कोणाला मत देता’ असे विचारले, तेही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, तर अंगठा जातो तो ज्याला आपली गरज आहे असे वाटते त्याच्याकडे. वाघाचा आदर वाटतो. सशाला सांभाळावेसे वाटते. ऑनलाइन कौल हा बहुतेक वेळा आदराचा कौल नसतोच.

कूरशाँ यांच्या अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. खेळणी, बोधचिन्हे आणि जाहिरातींत हे प्राणी इतके दिसतात, की जंगलातही ते तेवढेच असतील असा लोकांचा समज होतो. फ्रान्समधील स्वयंसेवकांनी दिवसभरात नजरेस पडलेल्या प्राण्यांच्या प्रतिमांची नोंद ठेवली, तेव्हा माणशी दिवसाला सरासरी चारहून अधिक सिंह दिसले. म्हणजे संपूर्ण पश्चिम आफ्रिकेत जेवढे सिंह उरले आहेत त्याच्या दोन-तीन पट ‘सिंह’ एका माणसाला वर्षभरात दिसतात.

अस्वल लोकांचे लाडके कसे झाले?

शिकाऱ्यालाही मते मिळवून देता येतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण अलास्कात आहे. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातील ब्रूक्स नदीवर तपकिरी अस्वले सॅमन मासे खाऊन हिवाळ्यासाठी चरबी साठवतात. २०१४ पासून तिथे सर्वांत लठ्ठ अस्वलाचा ऑनलाइन कौल घेतला जातो. एका दिवसाच्या गमतीचा आता ‘फॅट बेअर वीक’ झाला असून २०२३ मध्ये त्यात सुमारे १४ लाख मते पडली. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे हडकुळे अस्वल आणि शरद ऋतूतले ढेरपोटे अस्वल अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवतात. चरबीने अस्वल गोल होते, चालताना डुलते, मान दिसेनाशी होते. लॉरेन्झ यांच्या यादीतील निम्मी लक्षणे आपोआप अवतरतात. पाचशे किलोंचा मांसाहारी पाहता पाहता टेडी होतो.

पण नदीवरचे कॅमेरे चोवीस तास सुरू असतात आणि निसर्ग प्रचारपत्रक वाचत नाही. जुलै २०२४ मध्ये ग्रेझर या मादीची पिल्ले धबधब्यावरून खाली वाहत गेली, तेव्हा चंक या दांडग्या नराने त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यातले एक दगावले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, उमेदवारांची यादी जाहीर व्हायच्या दिवशी, एका नराने ४०२ क्रमांकाच्या मादीला नदीत ठार केले. ते थेट प्रक्षेपणात अनेकांनी पाहिले. यादीची घोषणा पुढे ढकलावी लागली. अंतिम फेरीत ग्रेझर आणि चंक समोरासमोर आले आणि मतदारांनी ग्रेझरला ४० हजारांहून अधिक मतांनी जिंकवले. इथे लठ्ठपणाचा संबंध उरला नव्हता, लेकरू गमावलेल्या आईला ते मत होते.

पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये चंक जिंकला. त्याचा जबडा मोडला होता आणि तशाही अवस्थेत तो मासे पकडून तगला होता. आदल्या वर्षीचा खलनायक आता जिद्दीचे प्रतीक झाला. अस्वल तेच होते. बदलली होती ती त्याची कहाणी, आणि त्या कहाणीत तो आता दुबळ्याच्या जागी उभा होता.

निकाल कोण ठरवते?

ऑनलाइन कौल म्हणजे जनमत चाचणी नव्हे. चाचणीत मतदार निवडले जातात, इथे ते स्वतःहून येतात. ज्याला मत द्यावेसे वाटले तोच येतो आणि ज्याने पोस्ट पुढे पाठवली त्याचे मित्र येतात. त्यामुळे निकाल बहुतेक वेळा प्रचाराचा असतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील विनोदी कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जॉन ऑलिव्हर यांनी न्यूझीलंडच्या कौलात पुटेकेटेके या तुरेवाल्या पाणपक्ष्याची बाजू घेतली. पॅरिस, टोकियो, लंडनबरोबर मुंबईतही त्याचे फलक लागले. एकूण साडेतीन लाखांहून अधिक वैध मते आली. त्यातली दोन लाख ९० हजार ३७४ एकट्या पुटेकेटेकेला. दुसऱ्या क्रमांकावरच्या किवीला १३ हजारही मिळाली नाहीत. त्याच वर्षी एका व्यक्तीने एका पेंग्विनसाठी ४० हजार वेळा मत दिल्याचे आढळले, ती मते बाद झाली.

मोजणीची पद्धतही निकाल फिरवते. न्यूझीलंडमध्ये पसंतीक्रमाने मत देतात. २०२० मध्ये पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते अल्बाट्रॉसला होती, पण दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या जोरावर काकापो पुढे गेला. कोणाचाच ज्याच्यावर राग नाही असा उमेदवार या पद्धतीत तरतो, आणि गोंडस प्राण्यावर कोण रागावणार? शिकाऱ्याचे चाहते कडवे असतात, तसे विरोधकही असतात.

कुरूप प्राणीही जिंकू शकतो, पण त्यासाठी वेगळी वाट लागते. ओघळलेल्या चेहऱ्याचा ब्लॉबफिश २०१३ मध्ये जगातील सर्वांत कुरूप प्राणी म्हणून निवडला गेला. तोच २०२५ मध्ये न्यूझीलंडचा ‘फिश ऑफ द इयर’ झाला. एका रेडिओ वाहिनीच्या निवेदकांनी त्याच्यासाठी जोर लावला होता. खरे तर खोल समुद्रातील दाबाखाली हा मासा चारचौघांसारखाच दिसतो. वर खेचल्यावर दाब कमी होऊन त्याचे शरीर विस्कटते आणि तेच छायाचित्र जगभर फिरले आहे.

लाडके होण्याची किंमत काय?

इथे विषय करमणुकीपुरता राहत नाही. २००९ मध्ये एका स्लो लॉरिसला गुदगुल्या करतानाची चित्रफीत यूट्यूबवर आली आणि लाखो लोकांनी ती पाहिली. टपोऱ्या डोळ्यांचे हे आग्नेय आशियातील निशाचर वानर दोन्ही हात वर करून जणू ‘आणखी’ म्हणत होते. पाहणाऱ्यांना तसे वाटले. संशोधकांच्या मते हात वर करणे ही त्याची बचावाची पद्धत आहे. त्याच्या दंडाजवळच्या ग्रंथीत स्राव असतो, तो लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. म्हणूनच बाजारात विकताना त्याचे दात कापले जातात, त्यात अनेक दगावतात. प्राध्यापक ॲना नेकारिस यांच्या गटाने त्या चित्रफितीखालच्या प्रतिक्रिया तपासल्या, तेव्हा असे लॉरिस आपल्यालाही हवे म्हणणाऱ्यांची संख्या लक्षणीय होती. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासूनच बंदी आहे.

पाणमांजरांचेही तसेच झाले. जपानमध्ये पाणमांजरांची कॅफे निघाली, पाळीव पाणमांजरांच्या चित्रफितींना प्रचंड प्रेक्षक मिळाले आणि आग्नेय आशियातून पिल्लांची तस्करी सुरू झाली. अखेर २०१९ मध्ये जिनिव्हात झालेल्या ‘साइट्स’ परिषदेत आशियाई लहान पाणमांजर आणि नितळ कातडीचे पाणमांजर या दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत भारत होता. या दोन्ही जाती पश्चिम घाटाच्या नद्यांत आढळतात.

थायलंडच्या प्राणिसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये जन्मलेल्या मू डेंग या पाणघोड्याच्या पिल्लाचे नावही ऑनलाइन कौलानेच ठरले. तिला पाहायला एवढी गर्दी झाली की शनिवार-रविवारी प्रत्येकाला पाच मिनिटांची मर्यादा घालावी लागली. ती हलावी म्हणून काहींनी तिच्यावर शिंपले फेकले. ती ज्या जातीची आहे ते छोटे पाणघोडे पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांत जेमतेम दोन-अडीच हजार उरले आहेत.

पैसा कोणाच्या वाट्याला येतो?

२०२५च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गेल्या २५ वर्षांतील सुमारे साडेचौदा हजार संवर्धन प्रकल्पांचा निधी तपासला गेला. त्यातला ८३ टक्के पृष्ठवंशीय प्राण्यांकडे गेला होता. वनस्पती आणि अपृष्ठवंशीय जीव यांच्या वाट्याला प्रत्येकी साडेसहा टक्क्यांच्या आसपास. बुरशी आणि शैवालांना एक टक्क्याचा पाव हिस्सासुद्धा नाही. पृष्ठवंशीयांतही मोठ्या, देखण्या प्राण्यांकडे झुकते माप होते.

यावर एक प्रामाणिक युक्तिवाद केला जातो. पांडा किंवा वाघ यांच्या नावाने जंगल राखले की त्यातला बेडूक आणि बुरशीही आपोआप राखली जाते. व्याघ्र प्रकल्पांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण जे जीव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत राहत नाहीत त्यांचे काय? नान्नजच्या माळावरचा माळढोक वाघाच्या छत्राखाली येत नाही. गिधाडांचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. टकलू डोके, उघडी मान, मढ्यावर बसणे, या पक्ष्याला गोंडसपणाच्या कौलात अनामतही राखता येणार नाही. १९९०च्या दशकात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होत गेली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. मेलेली जनावरे कुजत राहिली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात त्यामुळे भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त माणसे दगावली.

उलट इंटरनेटचा अनभिषिक्त राजा असलेले मांजर स्वतः पट्टीचे शिकारी आहे. अमेरिकेत मांजरे वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. न्यूझीलंडमध्ये हा तिढा उघडच समोर आला. ज्या किमती पक्ष्यांना लोक मते देतात त्यांना खाणाऱ्यांत रानटी मांजरे आहेत. तिथे २०२३ मध्ये मुलांसाठी रानटी मांजरे मारण्याची स्पर्धा जाहीर झाली आणि संतापामुळे ती मागे घ्यावी लागली. उंदीर आणि स्टोट मारण्याला एवढा विरोध झालेला नाही. २०२५च्या अखेरीस सरकारने रानटी मांजरांचा समावेश शिकारीमुक्त न्यूझीलंडच्या लक्ष्ययादीत करण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात काय दिसते?

वाघांची संख्या ४४४ (२०२२च्या गणनेनुसार) असलेल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी वाघ नाही, शेकरू आहे. झुपकेदार शेपटीची, तांबूस अंगाची ही मोठी खार. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झाले ते प्रामुख्याने तिच्यासाठी. ही निवड मतदानाने झालेली नाही, पण मतदान घेतले असते तरी शेकरूने चांगली लढत दिली असती.

खरा प्रश्न शेकरूचा नाही, वाघ-बिबट्यांचा आहे. यवतमाळमधील पांढरकवडा परिसरात १३ जणांच्या मृत्यूस जबाबदार धरलेल्या टी-१ अर्थात अवनी या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घातली गेली. त्याआधी तिला वाचवण्यासाठी समाजमाध्यमांवर मोठी मोहीम चालली, ऑनलाइन याचिकांवर सह्या झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या मोहिमेत ती ‘नरभक्षक’ नव्हती, दहा महिन्यांच्या दोन बछड्यांची आई होती. तिच्या मृत्यूनंतर शहरांत मेणबत्त्या पेटल्या आणि परिसरातील गावांत फटाके फुटले. तिला मारण्याची पद्धत नियमाला धरून होती का, हा वाद गंभीर होता आणि त्याची चौकशीही झाली. पण मोहिमेतल्या सह्यांत पांढरकवड्यात शेतावर जाणाऱ्यांच्या सह्या किती असतील, याचा अंदाज करणे कठीण नाही.

जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात हाच पेच दर हंगामात उभा राहतो. उसात बिबट्याची मादी विते. तोडणी सुरू झाली की मजुरांना सरीत पिल्ले सापडतात. डोळे नुकते उघडलेले, मुठीत मावणारे ते पिल्लू हातात घेऊन फोटो काढले जातात आणि तासाभरात ते जिल्हाभर फिरतात. वनखाते आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातील पथक ते पिल्लू ताब्यात घेते, तपासते आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवते. रात्री मादी येते, पिल्लाला मानेत धरून निघून जाते. कॅमेऱ्यात टिपलेली ही दृश्येही खूप पाहिली जातात.

हे पुनर्मीलन केवळ हळवेपणातून होत नाही. पिल्ले हरवलेली मादी बिथरते आणि त्याच शेतांत घुटमळत राहते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नरमधील बिबट्यांवर केलेल्या अभ्यासात दिसले होते, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले घटले नाहीत, वाढले. त्यामुळे पिल्लाला आईकडे सोपवणे हा तिथल्या माणसांसाठीही शहाणपणाचा मार्ग आहे. पण दीड-दोन वर्षांत ते पिल्लू पूर्ण वाढते आणि त्याच उसातून रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसासमोर येते. तेव्हा त्याच्या फोटोला कोणी बदाम पाठवत नाही, पिंजरा लावा म्हणून ग्रामस्थ वनखात्याच्या कार्यालयासमोर बसतात.